संतांना कातडी चढवणारी वाल्पुर्गा

आइखनाउमध्ये वाल्पुर्गा क्राइडलिनकडे काम घेऊन जाणारा माणूस घरूनच वाक्यं जुळवून निघे, आणि परत येताना त्यातलं एकही आपण बोललो नाही हे त्याच्या ध्यानात येई. बाईसमोर बड्याबड्यांची बोबडी वळे. तिला त्याचं सुखही होतं. आपल्या गावात मान देण्यासारखी माणसं दोन-तीनच आहेत आणि तीही सध्या मेलेली आहेत, असं तिचं ठाम मत होतं.

तिचा धंदा संतांना कातडी चढवण्याचा. मूर्तिकार लिंडनच्या लाकडातून संत कोरून देत आणि वाहवा घेऊन घरी जात. पण कोरलेलं कोरं लाकूड म्हणजे सोललेला सलगम. त्यावर खडू आणि सरसाचं अस्तर आठ वेळा चढवायचं, घासायचं, वर्ख लावून कुत्र्याच्या दाताने घोटायचा, मग गालांवर रक्त आणायचं, डोळ्यांत पाणी आणायचं, हे सगळं वाल्पुर्गा करी. तिचा नवरा लोरेंत्स हयात असताना तो गुत्त्यावर बसून रंगांविषयी बोले आणि ती घरी रंग लावी. प्लेगमध्ये तो गेला तेव्हा कामात काही फरक पडला नाही, फक्त बोलणं बंद झालं. रंगाऱ्यांच्या संघाने विधवेच्या हक्काने कारखाना तिच्याकडेच राहू दिला. नाही म्हणायला कुणी धजावलं नाही, हे जास्त खरं.

रंग वाटायला ओटिली होती. वाल्पुर्गाच्याच वयाची, रुंद हाताची, शांत बाई. तिची चार मुलं चर्चच्या भिंतीलगत पुरलेली होती आणि नवरा फौजेबरोबर गेला तो गेलाच. दिवसभर ती पाट्यावर लाल हिंगूळ नाहीतर पांढरा सफेदा वाटत बसे. वाल्पुर्गा साऱ्या गावाला नावं ठेवी आणि ओटिली अधूनमधून "हं" म्हणे. वीस वर्षं दोघींची अशी छान मैत्री चालली होती.

लॅटिन शाळेचा मास्तर पादुआहून परत आला ती गोष्ट १५१९ सालच्या शरद ऋतूतली. तिथे तो सात महिने होता, पण बोलताना ते सात वर्षांसारखे वाटत. जाताना त्याचं नाव यॉर्ग हाझेनफूस होतं. हाझेनफूस म्हणजे सशाचं पाऊल, आणि आमच्याकडे भित्र्या माणसाला तेच म्हणतात. मास्तरांनी इटलीत त्याचं ग्रीक करून घेतलं: डॉक्टर लागोपुस. अर्थ सशाचं पाऊलच, फक्त तो आता कुणाला कळत नव्हता. वाल्पुर्गाने म्हाताऱ्या पाद्र्याला विचारलं, त्याने मठात विचारलं, आणि आठ दिवसांत तिला सगळं कळलं.

"नाव बदललंत मास्तर," पहिल्याच भेटीत ती म्हणाली, "पण पाय तोच ठेवलात की."

मास्तरांनी ऐकू न आल्यासारखं केलं. ते कारखान्यात शिकवायला आले होते. काळी टोपी किंचित तिरकी, हात पाठीमागे. फळीवर वाळत ठेवलेल्या संतांच्या रांगेपुढून ते पाहणी करत गेले.

"वाल्पुर्गाबाई, प्राचीन लोक मूर्तींना रंग देत नसत. शुभ्र संगमरवर! मी डोळ्यांनी पाहिलंय. ही लाली, हे सोनं म्हणजे रानटीपणाची लक्षणं आहेत."

"सगळ्या पांढऱ्या?"

"सगळ्या."

"डोळे पण?"

"डोळे पण."

"मग आजारी असतील बिचाऱ्या. ओटिली, ऐकलंस का? इटलीत साथ आलीय."

"हं," ओटिली म्हणाली.

"सौंदर्य प्रमाणात असतं, बाई. माणसाच्या प्रतिष्ठेत असतं."

"तुमच्या नाकावर चामखीळ आहे, मास्तर. ती प्रमाणात धरायची की प्रतिष्ठेत?"

मास्तर गेले. पण माणूस पुढे जाणारा होता. दोन वर्षांत त्याने रूलांड घराण्यातली विधवा पटकावली. तिच्याबरोबर तिचं तीन मजली घर आलं, बाग आली आणि पाठोपाठ नगरसभेचं चिटणीसपद आलं. रूलांडांनी लग्नानिमित्त चर्चला वेदी अर्पण करायची ठरवली. वेदीवर मधोमध वकिलांचा संत इव्हो. आणि एका सकाळी चिटणीससाहेब स्वतः कारखान्यात हजर.

"चेहरा माझ्यासारखा असावा," ते खाली बघत म्हणाले. "पत्नीची इच्छा आहे."

"पांढरा ठेवू?"

"नको, नको. तशी लाली असू द्या थोडी. झगा लाल. चांगला लाल."

तीन दिवस सकाळी ते तिच्यासमोर बसले. हनुवटी वर, हातात गुंडाळलेला कागद. माणूस स्वतःकडे बघताना कसा दिसतो, हे वाल्पुर्गाने तीन दिवस मन लावून पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी खाकरून विषय काढला.

"ती चामखीळ... प्राचीन लोक अशा गोष्टी वगळत असत."

"संत इव्होला चामखीळ होती का?"

"नव्हती. तसा उल्लेख नाही."

"मग वगळते. मात्र मग तो इव्होच दिसेल. तुम्ही कुणाला ओळखू येणार नाही."

चिटणिसांनी नाकावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "राहू द्या."

त्या लाल झग्याला तिने हिंगुळाचे सात हात दिले होते. माणूस फालतू होता, पण झगा तिच्या हातून आजवर झाला नव्हता असा झाला. उन्हाची तिरीप आली की शेजारच्या खांबावर त्याची लाली पडे.

त्याच चर्चमध्ये, दाराजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, संत अॅनाची एक मूर्ती होती. मांडीवर मुलगी मरिया, मरियेच्या मांडीवर बाळ येशू. मोलकरणी आणि सूत कातणाऱ्या बायकांच्या मंडळाने ती करवून घेतली होती. तिच्यावर ना कुठल्या घराण्याचं चिन्ह, ना नाव. वाल्पुर्गाने तिच्या रंगाची मजुरी घेतली नव्हती आणि हे कुणाला कळू नये म्हणून त्या बायकांवर नेहमीपेक्षा जास्त खेकसली होती. अॅनाचा चेहरा तिने थकलेला केला. ओठ असे, की बाई आत्ता काहीतरी बोलणार. ओटिली रोज कामावर येताना तिथे गुडघे टेकून येई. वाल्पुर्गा त्याबद्दल एक अक्षर बोलत नसे.

पोपला न मानणारा नवा धर्म आला तेव्हा वाल्पुर्गाला आधी आनंदच झाला. जुन्याने तिचं डोकं पुरेसं उठवलं होतं. एक भिक्षेकरी साधू देवदूताचं पीस दाखवत गावोगाव फिरे. ते हंसाचं आहे हे ओटिलीने लांबून ओळखलं होतं. म्हाताऱ्या पाद्र्याच्या स्वयंपाकिणीला पाच मुलं होती आणि पाचांची नाकं पाद्र्याची होती. तेव्हा नवे प्रवचनकार कास्पार बिंडर व्यासपीठावर उभे राहून या सगळ्यांची पिसं काढू लागले तशी वाल्पुर्गा तीन रविवार पहिल्या रांगेत जाऊन बसली. चौथ्या रविवारी प्रवचनकार मूर्तींवर आले.

"लाकडाचे हे ओंडके! यांना डोळे आहेत, पण दिसत नाही!"

"यांना तरी दिसायचं कसं," वाल्पुर्गा शेजारणीला म्हणाली, तेही मोठ्याने, "डोळे मी रंगवलेत. प्रवचनकारांना त्यांचे देवाने दिलेत, त्यांना काय दिसतंय?"

पाचव्या रविवारी ती गेली नाही.

ओटिली मात्र जात राहिली. प्रवचनकारांची बायको दुपारी मोलकरणींना वाचायला शिकवी. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ओटिली अक्षरं शिकली. रंग वाटता वाटता ती पाट्याशेजारी पवित्र शास्त्राची फाटकी पानं ठेवी आणि ओळीवर बोट ठेवून एकेक शब्द उचली. पानांवर निळे-तांबडे ठसे उमटत.

"काय वाचतेस एवढं?"

"लिहिलंय की मधे कुणी लागत नाही. आपण थेट बोलायचं."

"कुणाशी?"

"देवाशी."

"अगं, तू माझ्याशी वीस वर्षांत धड बोलली नाहीस."

"तू मधे जागा ठेवत नाहीस," ओटिली म्हणाली आणि परत बोट ठेवलं.

सन १५३१ मध्ये नगरसभेत कारागिरांच्या संघांनी हात वर करून कौल दिला आणि मूर्ती चर्चबाहेर काढायचं ठरलं. त्यासाठी समिती नेमली गेली. समितीचे प्रमुख डॉक्टर लागोपुस. दहा वर्षांपूर्वी वेदीवर चढून बसलेला माणूस आता वेद्या पाडायला निघाला, याचं गावात कुणालाच काही वाटलं नाही. त्यांनी नियमही मोठा सुबक केला: ज्या घराण्याने मूर्ती दिली असेल त्याने ती आठ दिवसांत घरी न्यावी, ज्यांना धनी नाही त्या फोडाव्यात.

मग गंमतच सुरू झाली. रूलांड, एजलर, फ्योलिन, सगळ्या बड्या घरांच्या गाड्या चर्चच्या दाराशी लागल्या. कुणी मरिया उचलली, कुणी सेबास्टियन. घराच्या जिन्यात, बैठकीत, जेवणघरात संत जाऊन बसले. वाल्पुर्गा बाजारात उभी राहून ते बघत होती.

"म्हणजे मोठ्यांच्या दिवाणखान्यात गेला की तो वडिलोपार्जित ठेवा," ती पाववालीला म्हणाली, "आणि गरिबाचा कोपऱ्यात राहिला की तो सैतान. नवा धर्म शिकायला सोपा आहे गं."

अॅनाला धनी नव्हता. मोलकरणींचं मंडळ म्हणजे काही घराणं नव्हे.

सहाव्या दिवशी सकाळी, चांभारगल्लीकडच्या मागच्या दाराने, दोन गड्यांनी एक हातगाडी आणली. वर गोणपाट. मागून चिटणीस आले, घाम पुसत. गोणपाट काढलं तर खाली संत इव्हो. नाकावर चामखीळ शाबूत.

"वाल्पुर्गाबाई, एक नाजूक काम आहे."

"जाळायचाय? लाकूड वाळलेलं आहे, छान पेटेल."

"जाळायचा कसा?" ते एकदम कळवळले. "म्हणजे... चेहरा आहे ना. शेवटी माणसाचा चेहरा आहे. पण घरात संत ठेवला तर समितीचा प्रमुख म्हणून मला तोंड राहणार नाही. याला तुम्ही लिकुर्गुस करा."

"कोण लिकू?"

"लिकुर्गुस. स्पार्टाचा कायदेकर्ता. प्राचीन. टोपीचे केस करा, जपमाळ तोडा, झगा खरवडा आणि सगळा पांढरा करा. संगमरवरासारखा. बागेतल्या मंडपात ठेवीन."

वाल्पुर्गाने त्या लाल झग्याकडे पाहिलं. खरं तर त्याच क्षणी गाडीसकट त्यांना गल्लीत लोटून द्यावं असं तिच्या मनात आलं. पण तिच्या डोक्यात दुसरंच चक्र फिरू लागलं होतं.

"करते. मजुरी नको. नगरसभेच्या शिक्क्याची चिठ्ठी द्या. मोलकरणींची अॅना माझ्या ताब्यात द्यावी म्हणून."

"ते नियमात—"

"मग उचला तुमचा कायदेकर्ता. आणि पुढच्या दाराने न्या. बाजाराचा दिवस आहे."

चिटणिसांनी तिथेच बसून चिठ्ठी लिहिली. शिक्का त्यांच्या खिशातच असे.

दोन दिवस ती झगा खरवडत होती. ओटिली त्या दिवसांत कामावर आली नव्हती. अंगात कणकण आहे असा तिचा निरोप होता, त्यामुळे तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सात हात चढवले होते ते सातही पापुद्रे सुरीखाली उलट्या क्रमाने येत होते आणि वाल्पुर्गा मोठमोठ्याने शिव्या देत होती: चिटणिसांना, पादुआला, स्पार्टाला. अधूनमधून स्वतःलाही. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम आपल्या हाताने सोलून काढायचं आणि तेही या सशासाठी! चामखीळ तिने शेवटी काढली. "आता प्राचीन झालात," ती त्या लाकडी तोंडाला म्हणाली आणि सफेद्याचा ब्रश फिरवला. मेणाने घोटल्यावर तो इतका हुबेहूब संगमरवर दिसू लागला की तिला स्वतःचीच चीड आली.

आठव्या दिवशी चिठ्ठी घेऊन ती चर्चमध्ये गेली. आत भिंती उघड्या पडल्या होत्या आणि जमिनीवर सोनेरी कपच्या होत्या. दाराजवळच्या कोपऱ्यात दहा-बारा मोलकरणी आणि सूत कातणाऱ्या जमलेल्या. त्यांनी अॅनाला आडवं करून डोलीवर ठेवलं होतं. डोलीचा पुढचा दांडा ओटिलीच्या खांद्यावर होता.

"ठेवा खाली!" वाल्पुर्गा ओरडली. "चिठ्ठी आणलीय मी. शिक्क्याची. कुणी हात लावायचा नाही तिला."

बायका थांबल्या. ओटिलीने दांडा खाली ठेवला नाही.

"कशाला आणलीस?" ती म्हणाली.

"कशाला म्हणजे? तुमच्यासाठी! फोडून टाकतील म्हणून!"

"कुणी फोडणार नाहीये. आम्हीच नेतोय. इस्पितळाच्या शेगडीला. थंडी पडलीय आणि तिथल्या म्हाताऱ्यांना लाकडं नाहीत." ती सावकाश बोलत होती, ओळीवर बोट ठेवल्यासारखी. "मूर्ती आमची होती. काय करायचं ते आम्ही ठरवलं. आयुष्यभर आम्ही तिच्यापुढे मेणबत्त्या लावल्या, आता तिने थोडी ऊब द्यावी."

"आणि मला विचारायचं नाही?"

"तू आम्हाला विचारलंस?"

वाल्पुर्गाच्या तोंडून शब्द फुटेना. बायका तिच्याकडे बघत राहिल्या. असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मग तिला आणखी एक गोष्ट सुचली आणि तिचा आवाज पुन्हा चढला.

"आंधळ्या कोंबड्यांनो! तिच्या अंगावर सफेदा आहे, हिंगूळ आहे, म्हणजे शिसं आणि पारा. अशीच शेगडीत घातलीत तर धुराने इस्पितळातली निम्मी माणसं मरतील. ऊब म्हणे! आधी रंग काढायला नको?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. हे खरं होतं आणि त्यांना ठाऊक नव्हतं. ओटिलीला ठाऊक असायला हवं होतं. इतकी वर्षं ती तेच तर वाटत होती. ती गोरीमोरी झाली.

"मग तू काढून दे," ती म्हणाली.

इस्पितळाच्या अंगणात, नोव्हेंबरच्या कोरड्या उन्हात, दोघी अॅनाच्या दोन बाजूंना बसल्या. दीड दिवस लागला. निळा झगा आधी उतरला, मग सोनं, मग हात. वाल्पुर्गाने सगळा वेळ तोंड चालू ठेवलं. प्रवचनकार, समिती, पोप, कुणाला सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी फक्त चेहरा उरला. तिथे सुरी थांबली आणि तोंडही थांबलं.

"दे इकडे," ओटिली म्हणाली.

"नको. तू ओरबाडशील."

"जळायचंच आहे ना."

"तरी."

ओटिलीने त्या चेहऱ्याकडे बोट केलं. "तू तिचे ओठ असे केले होतेस की आत्ता बोलेल. आठवतंय? माझी मुलं का नेली, ते मी तिला विचारायची. रोज. पंधरा वर्षं. वाटायचं, आज बोलेल. तू एवढं चांगलं काम केलं नसतंस तर मी कधीच उठून गेले असते."

वाल्पुर्गाने सुरी फडक्याला पुसली.

"आता मी वाट बघत नाही," ओटिली म्हणाली. "मला बरं वाटतं. तुला वाईट वाटावं म्हणून सांगत नाहीये."

"वाईट कशाला वाटेल," वाल्पुर्गा म्हणाली. तिने सुरी ओठांच्या कडेला लावली आणि पापुद्रा अखंड निघेल अशा बेताने, हळूहळू, ते तोंड काढून टाकलं. तिच्याकडून आयुष्यात त्या दुपारइतकं कमी बोललं गेलं नसेल. अॅनाचं लाकूड बारा दिवस पुरलं. इस्पितळातले म्हातारे म्हणाले, लिंडन आहे, लवकर जळतं, बीचचं लाकूड आणायला हवं होतं. लोकांचं काही भलं करावं आणि त्यांच्या तोंडून हे असं ऐकावं, याचा वाल्पुर्गाला अनेक दिवस राग येत राहिला. आणि यावेळी भलं तिने केलं नव्हतं, हेही तिला खुपत राहिलं.

तिकडे लिकुर्गुस रूलांडांच्या बागेत मंडपात उभा राहिला आणि त्याचं नशीब उघडलं. बाझेल, स्ट्रासबुर्ग, कुठून कुठून विद्वान येत. चिटणीस त्यांना भाजलेला कार्प मासा आणि मोझेलची वाईन वाढत, मग सहज फिरत फिरत मंडपाकडे नेत. मूर्ती पादुआजवळच्या शेतात नांगराला लागली, असं ते सांगत. एका पाहुण्याने त्यावर लॅटिनमध्ये चाळीस ओळी लिहिल्या: या संगमरवराचा थंडावा, या भव्य कपाळावरचं प्राचीन तेज! कपाळ चिटणिसांचंच होतं, त्यामुळे त्यांनी ते कवन तीनदा वाचून घेतलं. त्या संगमरवराच्या पायाशी दर आठवड्याला चिमूटभर लाकडाची भुकटी पडे, हे फक्त तिथे झाडू मारणाऱ्या रूलांडांच्या स्वयंपाकिणीला माहीत होतं.

"सांगत का नाहीस त्यांना?" वाल्पुर्गाने तिला विचारलं.

"मला विचारलंय का कुणी? त्यांची सगळी भाषा लॅटिन. मला फक्त किडा कळतो."

संतांचं काम संपलं. बिशपच्या गावात अजून संत लागत होते आणि तिथून बोलावणं आलं होतं, पण तिथल्या लोकांबद्दल तिचं मत आइखनाउवाल्यांहून वाईट होतं. ती लग्नाच्या पेट्या रंगवू लागली, खानावळींच्या पाट्या, आणि नेमबाजांच्या संघासाठी लाकडी चकत्या. रविवारी गावाबाहेरच्या माळावर बडे लोक बंदुका घेऊन त्या चकत्यांवर नेम धरत. कुठे हरिण, कुठे तुर्क, कुठे नाचणारं अस्वल. ज्या हाताने मरियेचे गाल रंगवले त्याने गोळ्या खायला अस्वलं रंगवायची, असं कुणी हळहळून म्हणालं की ती उसळे.

"अस्वलात काय वाईट आहे? त्याने कधी समिती नेमली नाही."

ओटिली परत कामावर आली होती. कशी, कधी, यावर दोघीत बोलणं झालं नाही. एका सोमवारी ती येऊन पाट्याशी बसली इतकंच. आता ती भरभर वाचू लागली होती आणि वाल्पुर्गाला मोठ्याने स्तोत्रं ऐकवी. वाल्पुर्गा प्रत्येक ओळीवर भांडे. शेजाऱ्यांना वाटे, आत दोन प्रवचनकार कोंडलेत.

मग सतरा वर्षांनी जुन्या धर्माचा बादशहा लढाई जिंकला. १५४८ साल. नगरसभेच्या खुर्च्यांवर रातोरात दुसरी माणसं बसली आणि हुकूम सुटला: चर्चमध्ये जुनी उपासना परत, वेद्या परत, संत परत. प्रवचनकार बिंडर बायको-मुलांसह गाव सोडून निघाले. त्यांनी हुकमापुढे मान तुकवली नाही. गाडीत दोन गाठोडी आणि एक पाळणा होता. ओटिली वेशीपर्यंत पोचवायला गेली, आणि वाल्पुर्गाही गेली. "तुम्ही मूर्ख आहात," ती त्यांना म्हणाली, "पण सरळ आहात." आणि त्यांच्या मांडीवर राय धान्याचे पाव टाकले. तिच्या तोंडून एवढी स्तुती गावात दुसऱ्या कुणाला मिळाली नव्हती.

त्याच आठवड्यात हातगाडी परत दारात. यावेळी पुढच्या दाराने. चिटणीस सत्तरीला टेकले होते, पण पद टिकवून होते. त्यांचा आवाज तोच.

"वाल्पुर्गाबाई, परिस्थिती बदलली आहे. रूलांडांची वेदी पुन्हा उभारायची. संत इव्हो हवा. याचा... परत..."

गोणपाटाखाली लिकुर्गुस. पायाला किड्यांनी जाळी केली होती.

वाल्पुर्गा इतकी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं. ओटिलीने पाणी दिलं.

"कशाला खर्चात पडता," ती डोळे पुसत म्हणाली. "आहे तसाच उभा करा. सांगा, हा संत भीतीने पांढरा पडलाय."

"थट्टा नको, बाई. प्रश्न गावाच्या सुरक्षेचा आहे. मी जे जे केलं ते गावासाठी केलं. तेव्हाही आणि आताही. माणसाने काळ ओळखावा."

"काळ नाही हो ओळखला तुम्ही. खुर्ची ओळखली."

"तुम्ही नाही केलंत तर दुसरा करेल."

"करू द्या. तो झगा मी एकदा चढवला, एकदा सोलला. दोन्ही वेळा तुमच्यासाठी. तिसऱ्यांदा नाही. जा."

चिटणिसांनी ओटिलीकडे पाहिलं, ती तरी समजावेल म्हणून. ओटिली म्हणाली, "हं," आणि दार उघडून धरलं.

बिशपच्या गावाहून आणलेल्या रंगाऱ्याने इव्हो केला. स्वस्तातला तांबडा वापरला, तो वर्षभरात तपकिरी पडला. गुडघे टेकणारे गुडघे टेकत होते. चिटणीस दर रविवारी त्याच्यासमोर उभे राहत आणि आपल्या चेहऱ्याकडे पुन्हा मान वर करून बघत.

वाल्पुर्गा त्यानंतर दोन वर्षं जगली. शेवटच्या उन्हाळ्यात तिला जिना चढवेना, म्हणून ओटिलीने पलंग खाली कारखान्यात आणला. नेमबाजांच्या मेळ्यासाठी एक चकती करायची होती. तिने त्यावर कोल्हा काढला, पुढचा पाय उचललेला, नाक वाऱ्यावर. ओटिली ब्रश भिजवून हातात देई. नवा पाद्री मरणाऱ्याला लावतात ते पवित्र तेल घेऊन आला तेव्हा वाल्पुर्गा जागी होती. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं आणि विचारलं, "धुतलेत का?" त्याने नाही म्हटल्यावर तिने डोळे मिटून घेतले. तो हात धुऊन परत आला तोपर्यंत ती गेली होती.

तिच्या दफनाला रंगाऱ्यांच्या संघातले सातजण आले. त्यापैकी चार, खरंच गेली का ते बघायला आले होते. रविवारी मेळा भरला. माळावर कोल्ह्याची चकती लावली आणि बडे लोक एकामागून एक पुढे झाले. संध्याकाळपर्यंत बावीस गोळ्या सुटल्या. एकही कोल्ह्याला लागली नाही. मग कुणीतरी टोपी काढून म्हणालं, बिचारीचं शेवटचं काम होतं, मुद्दामच कुणी नेम धरला नाही, केवढी ही माणुसकी. ते बोलणं गावभर झालं. बायका डोळे टिपू लागल्या आणि काही बाया ते सांगायला कारखान्यात आल्या.

ओटिली पाटा धूत होती.

"कसली माणुसकी," ती म्हणाली. "प्यायलेले होते सगळे."